ही शिवी कशी निघाली

कार्तिक वद्य ३, शके १८६६ (सन १९४४). तेर.

मामंजी आज बोलले.

दुकानात पडले त्याला अकरा दिवस झाले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं, आणि अकरा दिवस घशातून नुसती घरघर. सकाळी दूध घेऊन गेले. चमचा तोंडाशी नेला. दूध ऊन होतं, माझ्या लक्षात आलं नाही. मामंजींनी डोळे वटारले आणि लख्ख म्हणाले, "भाड्या!"

वाटी पडली हातातली. मी ओरडले, "अहो, या लवकर, मामंजी बोलले!" हे दुकानातून तसेच धावत आले, हातात तराजू. "काय म्हणाले?"

आता सासऱ्याचा तो शब्द नवऱ्यापुढं मी कसा उच्चारणार. लेकीनं, निर्मलानं, सांगून टाकला. पंधरा वर्षांची घोडी, पण आज्जाच्या मांडीवर वाढलेली. तिला कसली लाज. ह्यांचे डोळे भरून आले. खाली बसले, मामंजींचा हात धरला. "अप्पा, पुन्हा एकदा म्हणा."

म्हणाले. ह्यांच्याकडं बघूनच म्हणाले.

साखर वाटावी वाटली, पण लढाईपायी साखर कुठं मिळते. गल्लीत गूळ वाटला. कशाबद्दल ते कुणाला नीट सांगितलं नाही.

वद्य ६

शिव्याच येतात. दुसरं काही येत नाही. पाणी, जेवण, माझं नाव, निर्मलाचं नाव, काही नाही. "शिव" सुद्धा नाही. रोजच्यासारखं डाव्या तळहातावर लिंग ठेवून दिलं, विभूती लावली. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि निघालं "हलकट". स्वतःच दचकले. मग लिंगाकडं बघत राहिले. मी फुलं वाहिली आणि आत निघून आले.

धाराशिवहून हकीमसाहेब आले होते. नाडी पाहिली, जीभ पाहिली. ह्यांना म्हणाले, "जो बातां सोच के बोलने की, वो गए. जो बिन सोचे निकलतीं, वो रह गयीं." फौजेतल्या एका शिपायाचंही असंच झालं होतं म्हणे.

ह्यांनी विचारलं, "पुढं?"

हकीमसाहेबांनी वर बोट केलं. त्यावर मामंजींनी त्यांना एक शिवी दिली. हकीमसाहेब हसले. माणूस भला आहे.

वद्य ९

दुपारी भांडी घासताना सारखं ते जुनं आठवत होतं.

तेरा वर्षांची होते. बार्शी इंग्रजांची, तेर निजामाचं, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. छोट्या आगगाडीनं यायला फार वेळ लागत नाही, पण मला वाटलं मुलूखच बदलला. आमच्या वडलांच्या तोंडी कधी "गाढव" सुद्धा नाही. आणि इथं चौथ्याच दिवशी ओसरीवर मामंजींचा पाय उंबऱ्याला ठेचकाळला आणि "च्यायला!" मी कणगीमागं जाऊन रडत बसले. कसल्या घरात दिलं मला.

सासऱ्यानं नव्या सुनेशी बोलायचं नसतं. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले, पाठमोरे उभे राहिले आणि आत्याबाईंकडं, म्हणजे सासूबाईंकडं (तेव्हा त्या होत्या), तोंड करून, मला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले:

"अगं, त्या पोरीला सांग. शिवी न्हवंच ती. धाराशिवच्या बाजारात एकदा एक टोपीवाला छकड्यात पातेलं घेऊन आला. पातेल्यात तांबडं पाणी, दूध, गूळ. फुकट वाटायला लागला. म्हणला, ह्याला च्या म्हणत्यात. पोरं गल्लीगल्लीत वरडत पळाली, च्या आला, च्या आला! बायांनी जात्यात दाणे सोडले. न्हाव्यानं पाटलाची अर्धी दाढी सोडली. एका घरी म्हातारं गेलं हुतं, तिथलं खांदेकरी तिरडी ठिवून आलं. आठ दिवस वाटला अन् टोपीवाला गेला, त्यो गेलाच. मान्सांना तर तलफ लागलेली. मग काय, ठेच लागली, काही सांडलं, काही बिनसलं की मान्सं त्याची याद काढायची. च्या आला... च्यायला. सुस्कारा हाय त्यो. सांग तिला."

आत्याबाईंनी काही सांगितलं नाही, त्या हसत होत्या. मी कणगीमागून बाहेर आले. तोपर्यंत मला वाटत होतं ह्या घरात हसायला बंदी असेल.

वद्य १२

उस्मानचाचा रोज दुपारी येऊन बसतात. नालबंद आहेत, बैलांना, घोड्यांना नाल ठोकतात. मामंजींचे तीस वर्षांचे दोस्त. आज आल्या आल्या मामंजी म्हणाले, "नालायक!" चाचांनी कपाळाला हात लावला. "जी, हाजिर."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, ये गाली नै. ये हमारे दादा की सनद है."

ती गोष्ट मला पाठ आहे. रिसाल्याचा एक जमादार चाचांच्या आज्याकडं घोडं घेऊन आला. घोडं टोणगं, लाथा झाडणारं, आणि जमादार घोड्याहून वरचढ. आज्यानं खूर उचलला, बघितला, म्हणाला, "नाल-लायक." म्हणजे नाल ठोकण्याजोगा. मग जमादाराचे पाय बघितले आणि म्हणाला, "ये भी नाल-लायक." जमादाराला वाटलं पदवी मिळाली. जिथं जाईल तिथं सांगायचा, मला तेरच्या नालबंदानं नालायक ठरवलंय.

दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी ही गोष्ट सुरू झाली की गिऱ्हाईक माल घ्यायचं विसरायचं. मामंजी आठवडी बाजारांना गाडी घेऊन जायचे, ढोकी, मुरूड, पार आळंदपर्यंत. तिकडून प्रत्येक वेळी एखादी शिवी घेऊन यायचे, आणि ती कशी निघाली ते पायरीवर बसून सांगायचे. मी दाराआडून ऐकायचे. पदर तोंडात कोंबून हसायचे. सगळ्या गोष्टी मनच्या रचलेल्या, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मी बार्शीला माहेरी जाऊन त्या खऱ्या म्हणून सांगून आले होते.

चाचा आज मामंजींना म्हणाले, "बसप्पा, नवीन काय?"

मामंजींनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडं ठेवलं. मग मिटलं.

मार्गशीर्ष शुद्ध २

शब्दावर जायचं नाही, सुरावर जायचं. हे निर्मलानं शोधलं. "मुडद्या" आखूड म्हटलं तर पाणी. "मुडद्याऽ" लांबवलं तर ऊन अंगावर आलंय, बाज हलवा. "हलकट" हळू म्हटलं की परसाकडं. मोठ्यानं म्हटलं की खरोखरच हलकट, म्हणजे हे आलेत.

मी सगळं वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. माझ्या भावानं दिलेली वही. दळणकांडणाचं, व्रतवैकल्याचं लिही म्हणाला होता.

शु. ४

मुरूडहून निरोप. सिद्रामप्पा म्हणून आहेत, कापडाचं दुकान. मुलगा लातूरला शाळेत मास्तर. निर्मलाला बघायला दशमीला येतात. नवरा-बायको आणि मुलगा.

हे खूश. पण जेवताना म्हणाले, "अप्पांचं काय करायचं?"

मी म्हटलं, काय करायचं म्हणजे?

"पाहुण्यांच्या बाईला एखादी दिली तर?"

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

शु. ८

ठरलं. दुकानामागं वखार आहे, शेंगांची पोती असतात. तिथं बाज टाकायची, उस्मानचाचा सोबत बसतील. पाहुणे गेले की परत आणायचं. हे म्हणाले, "घटकाभराचा प्रश्न आहे. पोरीचं भलं होईल." विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

वखार स्वतः झाडली. नवी चादर घातली. एवढी स्वच्छ कशाला झाडली ते मला माहीत आहे.

शु. १०

काय झालं ते आजच लिहून ठेवते, उद्या वेगळं आठवेल.

सकाळी चौघांनी बाज उचलली. मामंजी कुणाकडं बघत नव्हते. वखारीच्या दारात मी उशी नीट करायला वाकले, तर माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पाहुणे आले. सिद्रामप्पा थोराड, हसरे. त्यांची बाई कमी बोलणारी, सगळीकडं नजर फिरवणारी. मुलगा मान खाली घालून. निर्मला पोहे घेऊन गेली. नाव, वय, स्वयंपाक, सगळं झालं. मी आतल्या दाराआड.

मग सिद्रामप्पा म्हणाले, "आन् बसप्पा कुठं हैत? खरं तर त्यास्नी बघाया आलो मी. मुरूडच्या बाजारात एकदा त्यांनी 'मेल्या'ची गोष्ट सांगितली हुती. हसून हसून माझं दुकान मांडायचं राह्यलं त्या दिवशी."

हे म्हणाले, "अप्पांना बार्शीला नेलंय. दवाखान्यात."

आणि निर्मला, मान खाली, हातात रिकामी बशी, म्हणाली, "आज्जा मागं वखारीत हैत."

ह्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. पाहुण्यांच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

निर्मला म्हणाली, "त्यांना शिव्याच येत्यात. म्हणून ठेवलंय."

सिद्रामप्पा उठले आणि सरळ मागं गेले. सगळे त्यांच्यामागं. मी पण, भिंतीला धरून. उस्मानचाचा उभे राहिले. सिद्रामप्पा पोत्यावर बसले, अगदी मामंजींच्या तोंडासमोर. "वळखलं का? मुरूडचा सिद्राम."

मामंजी बघत राहिले. मग म्हणाले, "मेल्या."

सिद्रामप्पांनी टाळी वाजवली. "व्हय व्हय, तीच! सांगा की. आमच्या मंडळींनी ऐकली न्हाय."

मामंजींना सांगायची होती. देवाशपथ सांगते, डोळ्यांत गोष्ट दिसत होती. डावा हात वर उचलला, पायरीवर उचलायचे तसाच. ओठ हलले. "मेल्या," म्हणाले. पुन्हा "मेल्या." मग "मुडद्या", मग "मेल्या", मग नुसता आवाज. हात तसाच वर. सगळे वाट बघत उभे. शेवटी हात आपोआप खाली आला आणि मामंजी रडायला लागले. मोठ्यानं नाही.

मला ती गोष्ट येत होती. शब्दन्‌शब्द येत होती. मी तोंड उघडून सांगितली असती तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती. पदर दातांत धरून भिंतीशी उभी राहिले. पाहुण्यांसमोर सुनेनं कसं बोलायचं म्हणून.

पाहुणे गेले. "कळवतो" म्हणाले.

ह्यांनी निर्मलाला काही म्हटलं नाही. जेवले नाहीत.

शु. १३

मामंजी गप्प. पाणी हवं असलं तरी गप्प. दूध ओतलं की गिळतात. चाचांनी मुद्दाम डिवचलं, "बसप्पा, तेरा बैल लंगडा था, मैंने चोरी की नाल ठोकी थी." काही नाही. घोड्याचं नाव काढलं, रिसाल्याचं काढलं. काही नाही.

जाताना चाचा अंगणात थांबले. "बेटी, तीस साल में मेरे को इसने नाम से नै पुकारा. अब गाली भी नै देता."

वद्य ५

घरात आवाज नाही. हे दुकानातून उगाचच आत येतात, मामंजींच्या समोर उभे राहतात, जातात. आज म्हणाले, "अप्पा, मी हलकट हाय. म्हणा की." मामंजींनी भिंतीकडं तोंड केलं.

मी आत गेले. बाहेर काय झालं मला माहीत नाही.

मार्गशीर्ष अमावास्या. येळवस.

येळवशीला सगळं घर रानात पूजा करून जेवतं; मामंजींनाही गाडीत घालून शेतावर नेलं. ह्यांचाच हट्ट. "अप्पांशिवाय येळवस कसली." गाडीत कडबा, त्यावर गोधडी, त्यावर ते. नदीकाठच्या रानात हरभरा फुललाय. कडब्याची कोप, खोपटं, केली, पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले, पूजा झाली. ह्यांनी "ओलगे ओलगे" ओरडत रानाला आंबील शिंपडली. दरसाल मामंजी शिंपडायचे.

जेवायला बसलो. भज्जी, उंडे, आंबील. उस्मानचाचांना दरसालचं आवतण. मी मामंजींना घास भरवत होते. निर्मला समोर बसली होती, ती एकदम चाचांना म्हणाली, "चाचा, हलकट कसं निघालं ठाऊक हाय का?"

चाचांनी तिच्याकडं बघितलं. "बोल."

"एक शेतकरी हुता. त्यानं शेजाऱ्याच्या बांधावरनं नांगर घातला. नांगर म्हंजे हल. अन् बांध कट केला. म्हणून हलकट."

माझा हात घासासकट तसाच राहिला. हे चुकीचं होतं. पार चुकीचं. खरी अशी: आळंदच्या वाटेवर एक गाव, तिकडं कानडीत गावाला हळ्ळी म्हणतात आणि पाराला कट्टी. त्या गावात एक जण जन्मभर पारावरून उठला नाही. बायकोनं भाकर तिथं आणायची, न्हाव्यानं तिथं यायचं, लग्न सुद्धा त्याचं पारावरच लागलं. त्याला म्हणायचे हळ्ळीकट्टी. एकदा पार पडला तर हा खाली पडला नाही, तिथंच अधांतरी बसून राहिला, सवयीनं. त्याच्यावरून हलकट.

निर्मलाला ही माझ्याइतकीच पाठ आहे. लहानपणी अंगणात भावल्यांना सांगायची.

"मग शेजारी आला," निर्मला पुढं सांगायला लागली, अगदी भोळं तोंड करून, "अन् म्हणला..."

"भाड्याऽ!"

हरभऱ्यातली पाखरं उडाली. मामंजी डाव्या कोपरावर उठले होते. तोंड लाल. "भाड्या! हलकट! मुडद्या! हलकट! हलकट!" डाव्या हातानं जमीन थोपटत होते, असं असं, पार दाखवत होते. निर्मला म्हणाली, "मग कसं? मला तर असंच ठाऊक हाय." पुन्हा उसळले. सगळ्या आल्या एकामागून एक. वीस दिवसांच्या तुंबलेल्या.

चाचा डोळे पुसत होते आणि हसत होते. ह्यांनी भाकर खाली ठेवली, हात जोडले. कुणाला जोडले, मला कळलं नाही.

मग मी बोलले. ह्यांच्यासमोर, चाचांसमोर, सासऱ्यांसमोर. म्हटलं, "निर्मले, चुकलीस तू. ऐक. आळंदच्या वाटंवर एक गाव हुतं..."

वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं मधेच एखादा शब्द निसटून पडेल. पडला नाही. मामंजी ऐकत होते, एकेका शब्दाला मान हलवत. अधांतरी बसण्यापाशी आले तेव्हा त्यांचं अर्धं तोंड हसलं.

परत येताना गाडीत म्हणाले, "मुडद्या." आखूड. पाणी दिलं.

पौष शुद्ध ७

रोज दिवेलागणीला ओसरीवर वही घेऊन बसते. एक गोष्ट लिहायची, वाचून दाखवायची. चूक असली की मामंजी शिवी देतात, ते वाक्य खोडायचं, पुन्हा. "भाड्या"ला पाच दिवस लागले. सोलापूरकडचा गाडीवान, तुळजापूरचं भाडं घ्यायचा आणि घाटाच्या पायथ्याशी बैल सोडायचा. "भाडं पायथ्यापतुर. वरतं देवी बोलावती, तर तिनंच न्यावं." एका म्हातारीनं एक शब्द न बोलता बैल झाडाला बांधले, जू ह्याच्या मानेवर ठेवलं आणि स्वतः गाडीत बसून चाबूक घेतला. वर पोहोचेस्तोवर वाटेत जो भेटला त्यानं विचारलं, हा कोण? म्हातारी म्हणायची, "भाड्याचा हाय."

मी लिहिलं होतं म्हातारीनं दोन फटके मारले. शिवी. एक केला. शिवी. तीन केले. गप्प. म्हणजे तीन.

हे लांबून ऐकतात. अजून जवळ येऊन बसत नाहीत.

शु. १२

चाचा एक शिवी सांगत नाहीत. "फ"ची. म्हणतात तिची गोष्ट बाईच्या कानावर घालणार नाही. मामंजीही त्या शिवीला माझ्याकडं बघत नाहीत. तेवढं एक पान कोरं.

पौष अमावास्या, संक्रांत

वाणवशाला बायका आल्या होत्या. कुजबुज कानावर आली. सून म्हाताऱ्याच्या शिव्या लिहून घेती. पाटलीणबाई म्हणाल्या, "येड लागलंय."

लागेना का.

माघ शुद्ध ६

सिद्रामप्पांचं पत्र. ह्यांनी वाचून दाखवलं. लिहितात, मुलगी आम्हाला पसंत आहे असं मी म्हणतो, घरात अजून एकमत नाही. शिवरात्रीच्या आधी एकदा पुन्हा येऊन जातो. बसप्पांना नमस्कार.

ह्यांनी पत्राची घडी केली. मी वाट बघत होते, वखारीचं काढतात की काय. म्हणाले, "ओसरीवर बाज ठेवू. ऊन चांगलं असतं तिथं."

माघ वद्य ९

आज आले. तिघंही.

मामंजी ओसरीवर, पांढरा सदरा, विभूती लावलेली. बाईंकडं बघून पहिली दिली ती "सटवी". बाईंनी पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलं. मी सांगितलं, "या म्हणतात." ते खरं होतं, सूर तोच होता, पण कोण विश्वास ठेवणार.

चहा झाला. सिद्रामप्पा काही विचारत नव्हते, मागच्या खेपेचं त्यांच्याही मनात असणार. मी आत उभी होते, वही हातात. ह्यांना आधी सांगितलं होतं. ते हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते.

बाहेर आले. मामंजींच्या बाजेशी खाली बसले. सिद्रामप्पांकडं न बघता, मामंजींकडं बघत म्हटलं, "मामंजी, 'मेल्या' सांगते. चुकलं तर सांगा."

वाचायचं होतं, पण वही उघडलीच नाही.

छोटी गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. एका बाईचा नवरा मुंबईला गिरणीत. दर पत्रात लिहायचा, मेलनं येतो. मेलला जोडून सुटणारी छोटी गाडी ज्या वेळेला यायची त्या वेळेला बाई स्टेशनावर. गाडी यायची, नवरा नसायचा. बाया विचारायच्या, कोण यायचंय गं? ती लाजून म्हणायची, "मेल्या." मेलनं येणारा तो. वर्ष गेलं. शेवटी नवरा आला तो बैलगाडीनं...

"भाड्या!"

मी थांबले. बाई दचकल्या. मी म्हटलं, "चुकलं. मालगाडीनं."

मामंजींनी मान हलवली.

मालगाडीनं आला, कोळशाच्या डब्यात बसून, काळाठिक्कर. दार वाजवलं. बाई म्हणाली, तू कोण? तो म्हणाला, तुझा नवरा. ती म्हणाली, "माझा मेल्या हाय. मेलनं यायचाय. तू मालगाडीचा." आणि त्याला मेलच्या वेळेपर्यंत अंगणात उभा ठेवला. मेलची ती छोटी गाडी आली, गेली, तेव्हा कुठं दार उघडलं. तेव्हापासून बायका उशीर करणाऱ्याला मेल्या म्हणतात. शिवी न्हवंच ती. वाट बघणं हाय.

सिद्रामप्पा हसले नाहीत. त्यांचे डोळे ओले होते. मुलगा मात्र फुटला, तोंडावर हात धरून हसायला लागला आणि हसता हसता निर्मलाकडं बघितलं. निर्मलानंही बघितलं. दोघांनी मान खाली घातली.

बाई उठल्या. निघताना मला म्हणाल्या, "आमच्यात सुना चारचौघांत बोलत न्हाईत." रागानं नाही म्हणाल्या. नुसतं सांगितलं.

मी म्हटलं, "आमच्यातबी न्हाईत बोलत."

पाडव्यापर्यंत कळवू म्हणाले. ह्यांनी स्टेशनापर्यंत पोचवलं. परत आल्यावर बाजेशी बसले, मामंजींचा पाय दाबत. मग मला म्हणाले, "मालगाडी मला पण ठाऊक हुती."

फाल्गुन शुद्ध ३

उत्तर नाही. निर्मला विचारत नाही, पण टपालवाला गल्लीत शिरला की पाणी भरायला निघते. सगळी भांडी भरलेली असतात.

मामंजींना खोकला. अन्न कमी झालं. वहीत एकवीस गोष्टी झाल्या. चाचा परवा म्हणाले, लिख लो, बेटी, जल्दी लिख लो. मग स्वतःच म्हणाले, नै, आराम से.

फाल्गुन शुद्ध ९

नवीनच झालंय. तीन दिवस सकाळी मला बघितलं की मामंजी एक शब्द म्हणतात. "गिंदुळे." पूर्वी कधी ऐकलेला नाही. शिव्यांत नाही, माझ्या यादीत नाही. चाचांना विचारलं, दखनीत नाही म्हणाले. अक्कलकोटकडचे स्वामी आले होते, कानडीतही नाही. निर्मलाला म्हणत नाहीत, ह्यांना म्हणत नाहीत, फक्त मला. सूर पाण्याचा नाही, उन्हाचा नाही, रागाचा नाही.

आज विचारलं, "मामंजी, ही शिवी का?"

नाही म्हणून मान हलवली. मग हो म्हणून हलवली. मग डाव्या बाजूनं हसले आणि डोळे मिटले.

निर्मला म्हणते, "आई, ही कशी निघाली ते आता तूच सांगायचं."

नव्या पानावर वर लिहिलाय शब्द. दुपारपासून तीनदा सुरुवात केली. एक गाव होतं. खोडलं. एक सून होती. तेही खोडलं.

ओसरीवरून पुन्हा हाक येतेय, तीच. जाते.